आक्काच्या मापाची गिटार

खोली भाड्याने देण्याआधी घरमालक माणसाचं गाव विचारतात, नोकरी विचारतात, चुलीवर काय शिजतं तेही आडून आडून विचारतात. मुरबाडच्या माझ्या मालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी माझी ट्रंक बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिली, कान जवळ नेला आणि म्हणाले, "ऱ्हावा मास्तर. पत्रा चांगला हाय." पत्र्याचा आणि माझ्या चालचलणुकीचा संबंध काय, हे पुढे इतकी वर्षं त्यांच्याकडे राहूनही मला कळलं नाही. पण खोली मिळाली, आणि हायस्कूलातल्या नव्या मास्तराला त्याहून जास्त काय हवं असतं?

हा गृहस्थ जगातली प्रत्येक वस्तू वाजवून पाहायचा. भोपळा, मडकं, खाटेचा पाय, नवं जोतं. मुलीसाठी कसाऱ्याला स्थळ पाहायला गेले, तेव्हा मुलाशी बोलण्याआधी त्यांनी त्याच्या घराचा मधला खांब वाजवला. खांब ऐनाच्या लाकडाचा निघाला, आतून भक्कम बोलला, आणि तिथल्या तिथे लग्न ठरलं. मुलगा रेल्वेत फिटर होता, एवढं मात्र विचारलं. बाकी सगळं खांबाने सांगितलं म्हणे.

मालकांची भातगिरणी होती. उभा जन्म इंजिनाच्या धडधडीत गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना येतच नसे. कोणाच्या घरी माणूस गेलं तर मालक सांत्वन करताहेत हे चार आळ्यांना ऐकू जायचं. इंजिनावर त्यांचा जीव होता. ते सकाळी चालू झालं नाही तर बिघडलं असं म्हणायचं नाही, रुसलं म्हणायचं. मग त्याच्या चाकाला गुळाचा खडा लावायचा. गूळ लावून होईतो मिस्त्री पान्याने काय करायचं ते करून घ्यायचा, इंजिन सुरू व्हायचं, आणि मालक विजयी मुद्रेने मिस्त्रीकडे पाहायचे. मिस्त्री शहाणा होता. कधी काही बोलला नाही.

अशा या दणकट आवाजाच्या माणसाला एका माणसासमोर मात्र आवाज फुटत नसे. ती त्यांची थोरली बहीण. सगळे तिला आक्का म्हणत. ती शहापूरकडच्या एका खेड्यात, तानशाच्या रानाला लागून राहायची. मालकांची आई लवकर गेली, त्यांना आक्कानेच वाढवलं. आक्का धवलारीण होती. आमच्या त्या भागात कुणब्या-आगऱ्यांच्या लग्नात हळदीला धवलारीण लागतेच. ती देवाला बोलावते, हळद दळताना, लावताना, उतरवताना धवले गाते, आणि तिच्या गाण्याशिवाय हळकुंडाला कोणी हात लावत नाही. शहापूर-मुरबाडातल्या निम्म्या जोडप्यांना आक्काच्या आवाजात हळद लागलेली होती.

भाऊ गिरणीवाला, आणि ही बाई स्वतःच्या घरचं भात उखळात कांडायची. गिरणीचा तांदूळ खाऊन माणसं गिरणीसारखी बोलायला लागतात, पुरावा हवा तर माझा भाऊ बघा, असं ती चारचौघांत सांगायची. मालक खाली मान घालून ऐकायचे. बाहेर आल्यावर मला म्हणायचे, तिचं खरं आहे, पण धंदा आहे ना.

मालकांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तिथेच गाडं अडलं. आदल्या हंगामात एका लग्नात आक्काचा धवला चालू असताना भोंगेवाल्याने मधेच रेकॉर्ड लावली होती. पोरं नाचायला लागली. कोणीतरी आक्काला म्हणालं, आजी, जरा दम खा, आता भोंग्याचं होऊ दे. आक्का उठली, पाटावरची आपली सुपारी उचलली आणि चालत घरी गेली. त्यानंतर तिने हट्टच धरला. ज्या मांडवात भोंगा, तिथे गाणार नाही. आणि इकडे कसाऱ्याच्या मंडळींची एकच मागणी होती, मांडवाला भोंगा पाहिजे. रेल्वेतले लोक येणार, गुपचूप हळद कशी लावायची? मालकांनी खांबाच्या भरवशावर तोही शब्द देऊन टाकला होता.

बहिणीची समजूत घालायला ते गेले, तेव्हा मी बरोबर होतो. आक्का कांडता कांडता म्हणाली, "तुझ्या पोरीचं लगीन हाय, मी येन. जेवन. पन गायाला सांगू नको. मी गाताना तो पत्रा बोंबलनार, मंग मी कोन?" येताना एसटीत मालक इतके गप्प होते की कंडक्टरने मला विचारलं, शेट आजारी आहेत का.

बहीण गात नाही म्हणजे हळद लागत नाही, आणि दुसरी धवलारीण आणणं म्हणजे आक्काला जिवंतपणी परकी करणं. मालकांना ते जमणारं नव्हतं. चार दिवस त्यांनी कशालाच बोट लावून वाजवलं नाही. मग एका सकाळी माझं दार ठोठावलं. चौकट वाजवली नाही, सरळ दारच ठोठावलं, त्यावरून मी ओळखलं की काहीतरी सुचलं आहे.

ते मध्यंतरी गिरणीचा पट्टा आणायला कल्याणला गेले होते. तिथे गणेशोत्सवात एक किडकिडीत माणूस स्टेजवर विजेची गिटार वाजवत होता. तो तारेला नुसतं बोट लावत होता आणि भोंगा गरजत होता. मालकांना आता ते आठवलं. त्यांचं म्हणणं असं: आक्काचं भांडण भोंग्याशी नाही, भोंगा तिच्या विरुद्ध बाजूला आहे याच्याशी आहे. त्याला तिच्या बाजूला आणायचा. आक्का माइकसमोर बसणार नाही, लोखंडात गेलेला गळा परत येत नाही असं ती मानते. मग तिचे सूर काढणारं एक विजेचं वाद्य भोंग्याला जोडायचं. आक्का मांडवात गाईल आणि तो पत्रा तिची साथ करील. वाजवणार कोण, असं मी विचारलं. "मी," मालक म्हणाले. त्यांनी आयुष्यात भजनातल्या टाळांपलीकडे काही वाजवलं नव्हतं. अर्थात, भोपळे सोडून.

या कामी मला घेण्याचं कारण, मी दादरला एका क्लासात थोडी गिटार शिकलो होतो. ती हवाईयन, मांडीवर आडवी ठेवून लोखंडी नळीने वाजवायची. तिच्यात दांडीवरच्या पडद्यांना बोटं लागतच नाहीत. पण मुरबाडात गिटार हा शब्द ठाऊक असलेला दुसरा इसम नव्हता, त्यामुळे मी तज्ज्ञ ठरलो, आणि तज्ज्ञ ठरल्यावर माणूस नाही म्हणत नाही.

सुतार गाड्यांची चाकं करणारा होता. मी कागदावर चित्र काढून दाखवलं: ही धडाची फळी, ही लांब दांडी, दांडीवर हे आडवे पडदे, सतारीला असतात तसे. त्याने चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि बैल कोणत्या बाजूला जुंपायचा ते विचारलं.

दांडीचं लाकूड ठरवायलाच पंधरवडा गेला. सुताराचा कल शिवणीकडे होता. हलकी, ढोलकीला वापरतात. मी म्हणालो, सागवान आणि वर पातळ शिसव. मालक म्हणाले, लाकडालाच विचारू. त्यांनी साग, शिसव, शिवण आणि ऐन यांच्या पट्ट्या गिरणीत इंजिनाच्या धुराड्याजवळ टांगल्या, मग विहिरीत सोडल्या, मग पुन्हा धुराड्याजवळ. ऐनाची पट्टी धनुष्यासारखी वाकली. जावयाच्या घराचा खांब त्याच लाकडाचा, हे आठवून मालकांचा चेहरा जरा पडला. शिवणीला चीर गेली. शिसव जशीच्या तशी राहिली पण तिचं वजन एवढं की वाजवणारा पुढे कलंडला असता. शेवटी दांडी सागाची आणि तिच्या वर, बोटं फिरतात तिथे, शिसवीची पातळ फळी, असं ठरलं. मी हे पहिल्या दिवशीच सुचवलं होतं. पण माझं म्हणणं धुराड्यात टांगलेलं नसल्यामुळे कच्चं होतं.

मग जाडी. मी सांगितलं, दांडी बारीक पाहिजे, बोटं झरझर फिरली पाहिजेत. मालकांनी हात पुढे केला. पोती उचलून उचलून तो हात फावड्यासारखा झाला होता. बारीक दांडी त्या मुठीत हरवली असती. ते घरात गेले आणि घरातले सगळे विळे-कोयते घेऊन आले. ते ओट्यावर ओळीने मांडले आणि एकेकाची मूठ धरून डोळे मिटून बसले. शेजारणी पोरांना घेऊन आत गेल्या. अखेर भात कापायच्या एका जुन्या विळ्याची मूठ त्यांना पटली. वापरून वापरून ती एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला गोल झाली होती. सुताराला तो विळाच नेऊन दिला, म्हणाले, अशी कर, फक्त लांब. आणि सांगतो, त्या बेताची दांडी नंतर मी हातात धरली तेव्हा ती सोडवेना.

खरी लढाई पडद्यांवर झाली. पडदे कशाचे करायचे हे चटकन ठरलं. छत्रीच्या काड्या गंजल्या, सायकलच्या आऱ्यांनी शिसव फाटायला लागली, म्हणून तांबटाकडून पितळेची तार ओढून आणली. पण ते किती आणि कुठे? मी पुस्तकातलं गणित काढलं होतं. तारेची लांबी घ्यायची, तिला अठराने भागायचं, तिथे पहिला पडदा, उरलेल्याला पुन्हा अठराने भागायचं. असे एकोणीस पडदे. कागद छान दिसत होता.

मालकांनी कागद पाहिला आणि विचारलं, यातले आक्काचे कोणते?

मी म्हणालो, सगळ्या गाण्यांना पुरतील एवढे आहेत. त्यावर मालकांचं उत्तर गिरणीपलीकडे ऐकू गेलं. "सगळ्यांची गानी मला कशाला? आक्का चार-पाच सुरांत फिरते. जे पावनेच येनार नाय त्यांचे पाट मांडून ठेवायचे का?"

आणि ते पडदे कुठे बसवायचे हे गणिताने नव्हे, आक्काच्या गळ्याने ठरवायचं होतं. पण ते तिला सांगायचं नाही, कारण सांगितलं असतं तर तिने तोंड उघडलं नसतं. ती कांडताना मात्र गायची. तेव्हा बेत असा झाला: पडदे आधी दोऱ्याने नुसते बांधायचे, सरकवता येतील असे. दांडी आणि फळी घेऊन तिच्या गावी जायचं, ती कांडायला बसली की घरामागे बसून तिच्या सुराबरहुकूम एकेक पडदा सरकवायचा.

यात एकच अडचण होती. विजेशिवाय या गिटारीचा आवाज माशीएवढा. त्यावर मालकांनी जो उपाय काढला तो मी डोळ्यांनी पाहिला म्हणून सांगतो. त्यांनी फळीची कड दातांत धरली आणि तार छेडली. तारेचा सूर दातांतून डोक्यात शिरतो. मीही करून पाहिलं, स्पष्ट ऐकू येतं. मग काय, आक्का पुढच्या अंगणात मुसळ घालत गाते आहे आणि मागे परसात, कुडाला टेकून, मुरबाडचा प्रतिष्ठित गिरणीवाला एक फळी चावत बसला आहे, असं दृश्य तीन-चार रविवार चाललं. पाणी न्यायला आलेल्या बायांनी ते पाहिलं. बातमी गावात पसरली, गावातून शहापूरच्या बाजारात, बाजारातून आमच्या आधी मुरबाडला. पोरीच्या लग्नाच्या काळजीने शेट लाकूड खायला लागले, असं तिचं रूप झालं होतं. हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, कोणतं लाकूड?

आक्काने एकदा मागे येऊन पाहिलंच. भावाच्या तोंडात फळी, मी डोळे मिटून दुसरी कड चावतोय. तिने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "भूक लागली आसंल तर सांगायचं होतं रे." मालकांनी तोंड न उघडता मान हलवली. भाकरी खाऊन आम्ही आलो.

शेवटी पडदे पक्के बसले. मी ते माझ्या कागदाशी ताडून पाहिले. एक वर, एक खाली, एक तर दोन घरांच्या मधोमध. पुस्तकाप्रमाणे ती गिटार निव्वळ बेसूर होती. मी हे मालकांना सांगितलं. ते म्हणाले, पुस्तकाच्या हळदीला तुमचं गणित लावा. भोंगेवाल्याने एक जुना हेडफोन फोडून त्यातलं चुंबक आणि तारेची गुंडाळी फळीवर बसवली, वायर काढून दिली, आणि वाद्य तयार झालं. मग रोज रात्री गिरणी बंद झाली की मालक धवल्याची पहिली ओळ बोटांवर बसवत राहिले.

हळदीचा दिवस उजाडला. आक्का आली, शब्दाप्रमाणे. भाचीच्या तोंडावरून हात फिरवला आणि सरळ मागच्या पडवीत जाऊन भाज्या चिरायला बसली. मांडवात जातं मांडलं होतं, हळकुंडं सुपात होती, बाया भोवती बसल्या होत्या, आणि कोणी खुंट्याला हात लावत नव्हतं. कसाऱ्याची चार माणसं पुढे येऊन बसली होती, ती घड्याळ बघायला लागली. नवरीचे डोळे भरून आले होते. ती सारखी पडवीकडे बघत होती. मालक गिटार घेऊन पाटावर बसले. त्यांच्या कपाळावरचा घाम मला लांबून दिसत होता.

त्यांनी धवल्याची पहिली ओळ वाजवली. भोंग्यातून ती आली तेव्हा बायांनी एकमेकींकडे पाहिलं. शब्द नव्हते, पण कोणाचं गाणं ते प्रत्येकीला कळलं. पडवीतला विळीचा आवाज थांबला. ओळ संपली, तरी आक्का आली नाही. मालकांनी ती पुन्हा वाजवली. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा वाजवताना त्यांचं बोट घसरलं आणि शेवटचा सूर भलतीकडे गेला.

"तिथं नाय रे, खाली," पडवीतून आक्का ओरडली, आणि ती ओळ तिने स्वतः म्हणून दाखवली. मालकांनी बरोबर वाजवली. पुढची ओळ मात्र त्यांना येईना, किंवा आली नाही असं त्यांनी दाखवलं, ते देव जाणे. ते मधेच थांबले. अर्धवट थांबलेला धवला ही फार वाईट गोष्ट. देव वाटेत उभा राहतो. आक्का विळी बाजूला सारून उठली, हात पुसत मांडवात आली, भावाशेजारी बसली आणि गाऊ लागली. भोंगा तिच्या मागोमाग चालला. मुरबाडच्या पार वेशीपर्यंत त्या दिवशी आक्काचा धवला ऐकू गेला, आणि जात्याचा खुंटा धरायला बायांची झुंबड उडाली. मला हसूही येत होतं आणि डोळ्यांना पाणीही. मी दोन्ही होऊ दिलं.

लग्नानंतरच्या पहिल्या माहेरभेटीला, पाचपरतावणाला, लेक-जावई आले. जावई कसाऱ्याला रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकडून रीतसर गिटार शिकला होता. कोणी विचारलंच नव्हतं, आणि खांब बोलला नव्हता. सासऱ्याकडे गिटार आहे म्हटल्यावर गडी खूश झाला. भोंगेवाल्याला बोलावून आणलं, आळी जमली, आणि त्याने सिनेमातलं एक गाणं धरलं. दुसऱ्या क्षणाला त्याचा चेहरा उतरला. त्याने तारा पिळल्या, पुन्हा वाजवलं, आणखीच वाईट झालं. आळी सभ्यपणाने ऐकत होती. मालकांनी मला कोपऱ्यात नेलं आणि त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाले, "पोरगा चांगला हाय मास्तर, पन बेसूर." सगळ्या आळीने ते ऐकलं. बिचारा जावई पुढे कित्येक वर्षं मुरबाडात बेसूर म्हणून ओळखला गेला. त्याचं माणूसपण असं की त्याने ते हसून घेतलं.

त्यानंतरचे हंगाम मालकांच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे असावेत. गिरणी मिस्त्रीवर सोपवून ते आक्काबरोबर हळदी करत हिंडायचे. शहापूर, किन्हवली, सरळगाव, जिथे सुपारी येईल तिथे बैलगाडीत पुढे आक्का आणि मागे भोंगा. भोंगा नको म्हणणारी आक्का आता भोंगा कुठे बांधायचा हे दटावून सांगायची. भाऊ चुकला की भर मांडवात त्याचा कान धरायची, आणि लोकांना तेही बघायचं असायचं.

मग एका थंडीत आक्का गेली. झोपेतच, कोणाला त्रास न देता. मालकांनी गिटार गिरणीत खिळ्याला अडकवली आणि इंजिनाजवळ बसून राहायला लागले. इंजिनाला गूळ लावायचंही सुटलं. आम्ही सगळे मनातून घाबरलो.

शिमग्याला जावई आला. येताना वर्कशॉपातली कानस, पकड आणि एका पुडीत नवे पडदे घेऊन आला होता. सासरा असा बसलेला त्याला पाहवत नव्हता. त्याने गिटार खाली काढली, धूळ पुसली आणि अदबीने म्हणाला, "मामा, हे पडदे काढून नीट बसवून देतो. तुमी मंग कुठलंबी गानं वाजवा. जीव रमंल." मीही मान डोलावली. मला वाटलं, चांगली गोष्ट आहे.

मालकांनी गिटार त्याच्या हातून घेतली. पितळेच्या त्या वाकड्या अंतरावरच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"कुठलंबी गानं तुमच्या रेडिओत वाजतं जावयबापू," ते म्हणाले. "आक्का दुसरीकडं कुठं वाजत नाय."

जावयाने पकड पिशवीत टाकली, पोत्यांमधला एक पाट ओढला आणि मांडी घालून बसला. मला शिकवा म्हणाला. मालकांनी गिटार त्याच्याकडे दिली, त्याचं बोट हातात घेतलं आणि आक्काच्या पहिल्या सुरावर नेऊन ठेवलं.